पेल्यात पाणी, मुळाशी बेताची ओल

माझं पहिलं ब्रोमेलियाड मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकलं, आणि ते जिवंत होतं.

गुझमानिया होतं ते. मधोमध लालभडक तारा, भोवती चकचकीत हिरवी पानं. नोकरी सोडून घरून मुद्रितशोधनाचं काम सुरू केलं तेव्हा जुन्या सहकाऱ्यांनी दिलेली भेट. चार महिने तो तारा जसाच्या तसा होता. एकदा तर प्लॅस्टिकचा नाही ना, म्हणून मी नखाने टोचूनही पाहिला. मग तो कडेने तपकिरी पडायला लागला. मी पाणी वाढवलं, तो आणखी तपकिरी पडला. मी खत घातलं, त्याने काही दाद दिली नाही. शेवटी वैतागून कुंडी पिशवीत उलटी केली, तेव्हा पानांच्या बेचक्यात करंगळीएवढी दोन हिरवी टोकं दिसली. काहीतरी तण उगवलंय असं वाटलं आणि पिशवीला गाठ मारली.

ती त्याची पिल्लं होती. हे मला कळलं वर्षभराने. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या बाईने एवढी ढोबळ चूक नजरेआड करावी, याचं अजून वाईट वाटतं. त्यानंतरच्या नऊ वर्षांत माझ्या कामाच्या टेबलाशेजारी या घराण्यातली बरीच रोपं आली, गेली, वाढली. नोंदी ठेवायची खोड असल्यामुळे एक वहीही भरली. त्या वहीतलं जे खरोखर उपयोगी पडलं ते इथे लिहिते.

आधी या रोपाचा स्वभाव समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यातून येतं. ब्रोमेलियाड हे एका झाडाचं नाव नाही, ते आख्खं कुळ आहे. शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने ओलॉफ ब्रोमेलियस या स्वीडिश वैद्याच्या नावावरून त्यातल्या एका गटाला ब्रोमेलिया म्हटलं, आणि तेच नाव पुढे कुळाला चिकटलं. तीन हजारांहून जास्त जाती आहेत, आणि एक सोडली तर सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. ती एक चुकार जात पश्चिम आफ्रिकेत गिनीच्या खडकांवर वाढते. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा अननस याच कुळातला. अननसाच्या डोक्यावरचा तुरा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पानांची ठेवण लगेच कळेल: एकात एक गुंतलेली, मध्यापासून गोल फिरत गेलेली.

यातल्या पुष्कळ जाती रानात दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर बसून वाढतात. बांडगूळ नव्हेत, त्या झाडाचं काही खात नाहीत, नुसत्या बसतात. त्यांची मुळं मुख्यतः धरून राहण्यासाठी. पाणी पितात ती पानं. पानांच्या बुडाशी जो पेला तयार होतो त्यात पाऊस साठतो, वरून पडलेली पानं आणि किडे त्यात कुजतात, आणि रोप ते सत्त्व पानांवरच्या बारीक खवल्यांतून शोषून घेतं. म्हणजे हे झाड आपली विहीर आणि आपला उकिरडा दोन्ही कमरेला बांधून फिरतं. कुंडीतल्या मातीत रोज तांब्याभर पाणी ओतणारा माणूस त्याला काय देतो, तर नुसती सडकी मुळं.

घेताना

नर्सरीत बहुतेक वेळा ही रोपं फुलावर आलेली असतात, आणि आपणही रंगाला भुलूनच घेतो. त्यात काही वाईट नाही. फक्त एक लक्षात ठेवा: तो लाल, गुलाबी किंवा पिवळा भाग म्हणजे फूल नव्हे, ती रंगीत पानं आहेत. खरी फुलं त्यांच्या बेचक्यातून डोकावतात, इवलीशी, आणि प्रत्येक फूल एखाद-दोन दिवसांत मिटतं. रंगीत पानं महिनोन् महिने टिकतात. म्हणून घेताना खरी फुलं अजून यायची आहेत असं रोप निवडा. बेचक्यांत वाळलेल्या काळ्या फुलांचा चुरा दिसला, तर त्याचा निम्मा हंगाम दुकानातच गेला असं समजा.

मग रोप बुंध्याशी धरून हलकेच हलवा. कुंडीत घट्ट हवं. पेल्यात वाकून पाहा आणि वासही घ्या. लोक हसले तर हसू देत. कुबट वास आला किंवा मधलं पान ओढल्याबरोबर हातात आलं, तर ते रोप परत ठेवा.

कोणतं घ्यावं? पहिल्यांदाच आणणार असाल तर गुझमानिया किंवा एक्मिया फॅसिएटा. गुझमानियाची पानं मऊ, बिनकाट्याची. एक्मियाच्या पानांवर चंदेरी पट्टे असतात, मधून गुलाबी तुरा येतो आणि त्यात निळी-जांभळी फुलं. मात्र पानांच्या कडा करवतीसारख्या, हात ओरबाडतात. व्ह्रिएसिया स्प्लेंडेन्सचा तुरा चपट्या लाल तलवारीसारखा असतो आणि पानांवर आडवे गडद पट्टे असतात. तीही घरात चांगली राहते. निओरेजेलियाची गोष्ट वेगळी. तिचं फूल पेल्याच्या पाण्यातच बसून राहतं, वर येतच नाही. तिची शोभा पानांची, फुलायच्या वेळी मधली पानं लाल होतात. बिलबर्गिया सगळ्यात चिवट. दुर्लक्ष सहन करण्याची तिची ताकद बघून मला कधीकधी लाज वाटते.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर एक बरं आहे: नेहमी घरात ठेवली जाणारी ही ब्रोमेलियाडं त्यांना विषारी नाहीत. आमची मांजर स्वतःचं वाडगं सोडून एक्मियाच्या पेल्यातलं पाणी पिते. म्हणून पेल्यात खत किंवा औषध घालायचं नाही हा नियम आमच्याकडे मांजरीने लावला, आणि तो रोपालाही मानवला.

उजेड

पान हातात घेऊन बघा. मऊ, पातळ, हिरवंगार पान म्हणजे सावलीतलं रोप: गुझमानिया, व्ह्रिएसिया. कडक, जाड, काटेरी किंवा करडं पान म्हणजे जास्त उजेडाची सवय: एक्मिया, निओरेजेलिया, बिलबर्गिया. या एका आडाख्यावर मी नवीन आलेल्या प्रत्येक रोपाची जागा ठरवते आणि तो सहसा चुकत नाही.

पहिल्या गटाला खिडकीपासून हातभर आत ठेवा, जिथे दिवसा दिवा न लावता पुस्तक वाचता येईल. दुसऱ्या गटाला सकाळचं कोवळं ऊन दोन तास मिळालं तर रंग खुलतो. दुपारचं ऊन काचेतून थेट अंगावर आलं तर कुणालाच सोसत नाही. पानांवर आधी फिकट आणि मग वाळकट तपकिरी डाग पडतात आणि ते कायमचे राहतात. उलट उजेड कमी पडला की पानं लांबुळकी, गडद हिरवी आणि लोळणारी होतात. निओरेजेलियाचा लाल रंग तर दोन महिन्यांत उडतो. जागा बदलायची झाली तर एकदम बदलू नका, आठ-दहा दिवस थोडं थोडं सरकवा.

पेला

इथे जरा थांबते, कारण नव्वद टक्के काम हेच आहे.

रानात या पेल्यांमध्ये आख्खी वस्ती असते. मध्य अमेरिकेतला एक इवलासा विषारी बेडूक आपली शेपटीवाली पिल्लं पाठीवर घेऊन झाडावर चढतो आणि एकेका पेल्यात एकेक सोडतो. जमैकात एक खेकडीण आहे, ती पिल्लांसाठी ब्रोमेलियाडच्या बेचक्यातलं डबकं निवडते, त्यातला कुजका पाचोळा उचलून बाहेर टाकते आणि गोगलगायींचे शंख आणून पाण्यात ठेवते; त्याने पाण्याचा आंबटपणा कमी होतो आणि पिल्लांना चुनाही मिळतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून माझ्या रोपाचा पेला बघितला. त्यात एक बुडालेली माशी, खिडकीतून आलेली धूळ आणि पाण्यावर तेलकट तवंग. खेकडीण माझ्यापेक्षा नीटनेटकी निघाली.

तेव्हापासून दर पाचव्या दिवशी मी पेले रिकामे करते. कुंडी बेसिनजवळ नेते, एका हाताने माती दाबून धरते आणि रोप अलगद तिरकं करते. जुनं पाणी वाहून जातं. मग ताजं पाणी पेल्यात जोरात ओतायचं, वरून वाहील इतकं, म्हणजे बेचक्यांतला गाळ निघतो. पुन्हा तिरकं करायचं. शेवटी मधल्या पेल्यात दोन बोटं पाणी राहील एवढं भरायचं, काठोकाठ नाही. मोठ्या जड कुंडीला उचलायला जमत नसेल तर स्वयंपाकघरातली मोठी पिचकारी किंवा नळी घालून जुनं पाणी ओढून घ्या.

पाचव्या दिवशीच का? डासांमुळे. उबदार हवेत डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडाभर ते दहा दिवस लागतात. पाच दिवसांत पाणी बदललं की अळ्या वाहून जातात. थंडीत पाणी हळू आटतं आणि डासही कमी, पण तरी मी आठवड्याच्या पुढे जात नाही. साचलेलं पाणी थंडीत जास्त धोक्याचं असतं, त्याबद्दल पुढे येतेच.

पाणी कसलं, हाही प्रश्न आहे. पावसाचं मिळालं तर सोनं. नाही तर आरओचं चालतं. बोअरचं जड पाणी मी सहा महिने वापरलं आणि पेल्याच्या कडेला चुन्याची पांढरी वळी उठली, पानांची टोकं वाळली. क्षार पानाच्या खवल्यांवर बसले की पान पाणी नीट ओढू शकत नाही. पितळी किंवा तांब्याच्या झारीचा मोह टाळा. तांबं या कुळाला विषासारखं आहे. त्याच कारणाने बोर्डो मिश्रण किंवा तांबं असलेलं कुठलंही बुरशीनाशक यांच्या आसपास नको.

कुंडीतल्या मिश्रणाला मात्र वरचा बोटभर थर सुकल्यावर थोडंसंच पाणी द्या. ओलसर, ओथंबलेलं नको. आणि एक अपवाद: क्रिप्टँथस. चांदणीसारखी चपटी, पट्टेदार पानांची ही छोटी जात जमिनीवर वाढणारी आहे, तिला पेला नसतो. तिला इतर कुंड्यांसारखं मातीतच पाणी लागतं. पेला शोधत बसू नका, मी शोधला होता.

आणि याच कुळातली, मातीशिवाय वाढणारी टिलँडसिया? तिला आठवड्यातून एकदा पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग उलटी धरून झटका आणि चार तासांत पूर्ण कोरडी होईल अशा वाऱ्याच्या जागी ठेवा. बुडाशी पाणी राहिलं की ती आतून कुजते आणि बाहेरून शेवटपर्यंत चांगली दिसते.

पुसू नका

एक्मिया मला माझ्या जाऊबाईंनी दिलं. त्या स्वतः येणार होत्या त्या सकाळी मी घर आवरायला घेतलं. रबराच्या झाडाची पानं ओल्या फडक्याने पुसली, छान चकाकली. त्याच हाताने एक्मियाचं पान पुसलं. फडक्यावर पांढरी भुकटी आली. मला वाटलं धूळ, म्हणून आणखी घासलं. धूळ नव्हती. ते चंदेरी पट्टे म्हणजेच ती भुकटी, म्हणजे पाणी शोषणारे खवले. तीन पानं हिरवीगार करून झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चौथ्या पानावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता, अगदी स्पष्ट, आणि तो पान वाळेपर्यंत दोन वर्षं तसाच राहिला. जाऊबाई आल्या, बघितलं, आणि "अगं, याला आंघोळ घातलीस की काय?" एवढंच म्हणाल्या.

तर करडी, चंदेरी, पावडर लावल्यासारखी पानं असतील तर धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने झटका, नाही तर वरून पाण्याचा हलका फवारा. गुझमानियासारखी गुळगुळीत पानं ओल्या फडक्याने पुसली तर हरकत नाही. पान चकाकवणारे तेलकट स्प्रे मात्र कुणालाच मारू नका.

कुंडी, मिश्रण, खत

कुंडी लहान हवी. चार ते सहा इंच पुष्कळ झाली. वरचा डोलारा बघून मोठी घ्यावीशी वाटते, पण मुळं थोडी आणि मिश्रण जास्त झालं की ओल टिकून राहते. लहान कुंडीत रोप कलंडतं, म्हणून मी मातीची जड कुंडी वापरते किंवा प्लॅस्टिकची कुंडी एका जड भांड्यात बसवते. बागेतली माती अजिबात नको. झाडाच्या सालीचे ऑर्किडसाठी मिळतात ते तुकडे दोन भाग, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग, पर्लाइटचे हलके पांढरे दाणे एक भाग. पर्लाइट नसेल तर कोळशाचे बारीक तुकडे. मूठभर मिश्रण भिजवून दाबा आणि मूठ उघडा: लाडवासारखा गोळा राहिला तर ते फार गच्च आहे.

लावताना खोल पुरू नका. सर्वांत खालच्या पानांचं बूड मिश्रणाच्या पातळीवर राहू द्या, त्याच्यावर माती चढली की बुंधा कुजतो. खताबद्दल थोडक्यात: वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाच्या पाव भाग, मिश्रणात. निओरेजेलियाला तेही नको, नत्र जास्त झालं की रंग जाऊन नुसती हिरवी पात उरते.

बिघडलं तर

टोकं तपकिरी आणि वाळकी झाली तर हवा कोरडी आहे, पाणी जड आहे किंवा पेला बरेच दिवस रिकामा होता. एसीचा झोत किंवा हीटर जवळ आहे का बघा. वाळकं टोक कात्रीने पानाच्या आकारात तिरकं कापा; रोपाला त्याने फरक पडत नाही, आपल्या डोळ्यांना पडतो.

खालची एक-दोन पानं वाळली तर ते म्हातारपण. खाली ओढून काढून टाका.

मधली पानं मऊ, तपकिरी होऊन वास यायला लागला तर मात्र पेला सडतोय. हे बहुतेक थंडीत होतं. ही उष्ण कटिबंधातली रोपं, १८ ते २७ अंशांत खूष असतात. रात्री पारा १२-१३ अंशांखाली जाऊ लागला की मी पेला जवळजवळ रिकामाच ठेवते, बुडाशी ओल राहील इतपत. सडलेलं पान ओढून काढा, पेला धुवा, रोप उलटं करून निथळू द्या आणि चार-पाच दिवस कोरडं ठेवा. कोंब गेला असेल तर त्या रोपाचं वाढणं संपलं. पण बुंधा टणक असेल तर फेकू नका. कारण पुढे सांगते.

कीड फारशी पडत नाही. पडलीच तर पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण, नाही तर पानाच्या खाली चिकटलेली तपकिरी खवले कीड. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक टिपून काढते. कडुनिंबाचं तेल मी आधी फवारायचे, आता नाही. तेलाचा थर खवले बुजवतो.

फूल गेल्यावर

पानांचा एक गुच्छ आयुष्यात एकदाच फुलतो. मग तो हळूहळू मरतो. तुमची चूक नसते, पाण्याची नसते, खताची नसते. अँडीज पर्वतात, पेरू आणि बोलिव्हियात, याच कुळातली पुया रायमोंडी नावाची जात आहे. ती कित्येक दशकं नुसती पानं वाढवते, मग दुमजली घरापेक्षा उंच तुरा काढते आणि मरते. आपल्या टेबलावरचं गुझमानिया तेच करतं, फक्त लहान प्रमाणात.

मात्र मरायला ते एखाद-दोन वर्षं घेतं, आणि त्या काळात बुंध्याशी फुटवे काढतं. म्हणून फुलाचा तुरा वाळला की तो जमेल तितका खालून कापा आणि रोपाला पूर्वीसारखंच सांभाळा. पानं विटतात, पसरतात, बघवत नाही. मी अशा रोपाला टेबलावरून काढून मागच्या खिडकीत ठेवते. उजेड तोच, पाहुण्यांच्या नजरेआड. आणि वाट बघते.

फुटवा काढायची घाई हीच दुसरी मोठी चूक. आईच्या पानांच्या निदान एक तृतीयांश उंची होईपर्यंत हात लावू नका, निम्मा होऊ दिला तर आणखी बरं. लहानपणी तोडलेला फुटवा जगतो, पण वर्षभर रुसल्यासारखा एका जागी बसतो. स्वतःचा छोटा पेला त्याने बांधला, की तो निघायला तयार आहे.

माझ्या एक्मियाचा पहिला फुटवा मी असा काढला. आदल्या दिवशी पाणी दिलं नाही. सकाळी कुंडी आडवी केली, रोप मिश्रणासकट बाहेर काढलं आणि बोटांनी साली झाडून टाकल्या, म्हणजे आई आणि पिल्लू जिथे जोडलेले आहेत ती जागा दिसावी. बोटाएवढा, लाकडासारखा पांढुरका दांडा होता. दातेरी सुरी स्पिरिटने पुसली. सुरी आईच्या बुंध्याला टेकवून खाली कापत गेले. हे महत्त्वाचं आहे: पिल्लाच्या बाजूने कापलं तर त्याचं बूड उघडं पडतं आणि पानं सुटी होतात. दोन-तीनदा सुरी मागेपुढे केली तेव्हा टक् असा आवाज झाला आणि पिल्लू हातात आलं. त्याला तीन मुळं होती, तारेसारखी. नसती तरी चाललं असतं. काप दिवसभर सावलीत सुकू दिला आणि संध्याकाळी चार इंची कुंडीत लावलं, वरवर, आणि ते डुलू नये म्हणून दोन काड्यांचा आधार दिला. डुलणाऱ्या फुटव्याची नवी मुळं तुटत राहतात. महिना-दीड महिन्याने हलकेच ओढून पाहिलं तर त्याने कुंडी धरून ठेवली होती.

सगळ्यांचं असं नसतं. निओरेजेलियाची पिल्लं लांब दांड्यावर येतात, ती साध्या कात्रीने निघतात. क्रिप्टँथसची पानांमधून नुसत्या स्पर्शाने गळून पडतात. बिलबर्गियाला सुटं करूच नका, दाट कुंडीच छान दिसते. आणि गुझमानिया, व्ह्रिएसिया यांची पिल्लं बऱ्याचदा वरच्या पानांच्या बेचक्यात अगदी मध्याजवळ येतात, जशी मी गाठ मारून टाकलेल्या पिशवीत होती. ती कापायला जाल तर मोडतील. तिथे पिल्लाला जागेवर राहू द्या आणि आईची वाळलेली पानं एकेक करून कापत जा. शेवटी जुन्या खुंटावर नवं रोप बसलेलं राहतं.

सफरचंद

फुटवा फुलायला एक ते तीन वर्षं घेतो. माझं एक गुझमानिया पूर्ण वाढून चौथ्या वर्षीही ढिम्म बसलं होतं. तेव्हा मी सफरचंदाचा प्रयोग केला.

पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो, आणि ब्रोमेलियाडला तो फुलण्याची खूण वाटतो. अझोर्स बेटांवरच्या अननस पिकवणाऱ्यांनी हे एकोणिसाव्या शतकातच पाहिलं होतं, पण धुरामुळे: काचघरात धूर कोंडला की अननस एकदम फुलावर येत. धुरातला इथिलीन हे काम करतो हे नंतर कळलं.

पेला पूर्ण रिकामा केला. कुंडीतल्या मिश्रणावर एक पिकलेलं सफरचंद ठेवलं आणि सगळ्यावर मोठी पारदर्शक पिशवी चढवून तोंड बांधलं. थेट ऊन नको, नाही तर आत भट्टी होते. सात ते दहा दिवस. आठव्या दिवशी सफरचंदाचं बूड मऊ होऊन पाणी सुटलं, म्हणून मी पिशवी काढली. मग काहीच घडलं नाही. पंधरा दिवस, महिना, दोन महिने. वहीत नुसते शून्याचे आकडे. ७४व्या दिवशी पेल्यात पाणी भरताना मध्याशी, पाण्याच्या खाली, कुंकवाच्या बोटाएवढा लाल ठिपका दिसला.

हा प्रयोग फक्त पूर्ण वाढलेल्या रोपावर करा. अर्धवट वयाच्या फुटव्यावर केलात तर एक केविलवाणा तुरा येईल, आणि त्या गुच्छाचं एकुलतं एक फूल तिथेच संपेल. फळांची परडी लहान फुटव्यांच्या शेजारी ठेवायची सवय असेल तर तीही बदला.

आणि नवीन लावलेल्या फुटव्याबद्दल एक राहिलंच. त्याचा पेला चमचाभर पाण्याचा असतो, आईच्या पेल्यासारखा पाच दिवस पुरत नाही. पहिले दोन महिने दर दोन दिवसांनी वाकून बघा, आणि कोरडा असेल तर तेवढा एक चमचा घाला.